आधी सपाटी, मग धार

दोन अंकांपूर्वी मी डिस्क ग्राइंडरवर पातं कसं घासतो ते थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी एका मोठ्या पाकिटातून पाठवली. गेले पंधरा दिवस दुकान बंद केल्यावर मी तीच वाचतो आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या पत्रांत इतरांचेही प्रश्न येऊन मिळतात ती निवडली. तो लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं लोहाराचं दुकान दारव्हा तालुक्यात, रस्त्याला लागून. वडिलांच्या वेळी भाता होता, आता ब्लोअर आहे, ऐरण तीच. वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा (जमिनीत चालणारी लोखंडी पाती), विळे, कुऱ्हाडी हे वर्षभराचं काम. चाकू-सुऱ्या मी गेली अठरा वर्षं करतो.

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे. त्यालाच फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून चाकूचा उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, काढता येतो. मग वेगळी डिस्क मशीन कशाला?
— आयटीआयचा विद्यार्थी, दिग्रस

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण निम्म्या पत्रांत तो आहे. आपल्याकडे ‘ग्राइंडर’ म्हटलं की हातात धरून चालवायचं मशीन डोळ्यांपुढे येतं, ज्याला बरेच जण ‘कटर’ही म्हणतात. मी लिहितो ती डिस्क ग्राइंडर वेगळी. तिच्यात मोटर टेबलावर घट्ट बसवलेली असते, शाफ्टवर नऊ इंची सपाट तबकडी असते, तबकडीवर पॉलिश पेपर चिकटवलेला असतो आणि पातं आपण हातात धरून तिच्यावर टेकवतो. एकात मशीन फिरवायचं, दुसऱ्यात पातं.

तुमच्यासारखीच माझी सुरुवात हातातल्या ग्राइंडरनेच झाली. पातं शिकंज्यात आवळायचं आणि फ्लॅप डिस्क फिरवत न्यायची. लांबून उतार चांगला दिसायचा, पण पात्यावर तिरपा उजेड पाडला की खळगे दिसायचे, पावसाळ्यात पांदणीला पडतात तसे. हाताचं वजन जिथे जरा जास्त पडलं तिथे खळगा. तो काढायला आजूबाजूचं लोखंड उतरवायचं, की तिथे नवा खळगा. असं करत करत तीन मिलिमीटरचं पातं दीडवर आलेलं मी पाहिलं आहे. तबकडी सपाट असली की ती पात्याचा उंच भागच आधी खाते, खळग्याला शिवतही नाही. पात्यावर मार्करने काळा रंग द्या आणि एकदा हलकेच टेकवा. जिथे रंग उरला तिथे खोल आहे. एवढं कळलं की पुढचं काम सरळ होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : पट्टी कापायला, पात्याचा बाहेरचा आकार काढायला, जाड लोखंड भराभर उतरवायला हातातला ग्राइंडर उत्तम. शेवटची सपाटी मात्र तबकडीवर, नाहीतर कानशीने. तिसरा रस्ता मला सापडलेला नाही.

आणि ग्राइंडर वापरताच आहात, तर माझ्या डाव्या हातावरचा टाक्यांचा व्रण कुठून आला तेही सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. चार इंची डिस्क लवकर झिजते म्हणून मी त्याच मशीनला सात इंची कटिंग डिस्क लावली. चार इंचीचं भोक १६ मिलिमीटरचं आणि सात इंचीचं २२च्या वरचं, म्हणून मध्ये रिंग घातली. गार्ड आड येत होता, तोही काढला. दुकानदाराने डिस्क हातात देताना काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. सात इंची डिस्कवर छापलेली मर्यादा असते ८,५००च्या आसपास. डिस्क फुटली आणि तिचा तुकडा कोपराखाली बसला. तो चेहऱ्यावर बसला असता तर आज हे लिहिणारा कोणी नसता. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती तिची मुदत. पावसाळ्यात ओल खाल्लेली डिस्क मुदतीआधीच टाकून द्या. लाकूड कापायचं दातेरी पातं तर या मशीनला कोणी फुकट बसवून दिलं तरी लावू नका. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळून अंगावर येतं.

प्रश्न : आमची संत्र्याची रोपवाटिका आहे. डोळे बांधायला, म्हणजे कलमासाठी फांदीवरचा अंकुर काढून रोपावर बसवायला, जुन्या कानशीच्या सुऱ्या तुमच्या पद्धतीने डिस्कवर केल्या. सुरुवातीला दाढी होईल अशी धार लागली, पण पन्नास-साठ रोपांत बोथट झाली. परत धार लावली तरी तेच. कानशीचं पोलाद खोटं निघालं का?
— रोपवाटिकाधारक, शेंदुरजनाघाट

काका, पोलाद खरं आहे, तुमच्या हातून ते जळलं. तुम्ही पत्रातच लिहिलं आहे की घासताना ‘टोकाला जरा निळसर झाक आली होती, नंतर पॉलिशने निघून गेली’. झाक निघून गेली, पण पोलाद मेलेलंच राहिलं.

पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेलं, पोलाद पुन्हा तापलं की त्याच्या चकाकत्या पृष्ठावर रंग चढत जातात. २०० अंशांच्या थोडं पुढे फिकट गव्हाळ, जुन्या कडब्याचा असतो तसा. मग गडद पिवळा, २५०च्या पुढे तपकिरी, त्यानंतर जांभळा आणि ३००च्या जवळ निळा. कानशीसारख्या पोलादात धारेसाठी गव्हाळ रंगाच्या आसपासच थांबायचं असतं. निळ्यापर्यंत गेलं की कडकपणा उतरतो. ते कमानीच्या कामाला ठीक, डोळा काढायच्या सुरीला नाही. वडील मला भट्टीपाशी बसवून म्हणायचे, “निळं पडलं का मेलं समज.” मी दहा वर्षांचा असेन. पोलादातलं मला पहिलं कळलं ते हे.

आता डिस्कवर हे इतक्या लवकर का होतं ते बघू. तबकडी एकच असली तरी तिच्यावर वेग एक नसतो. मधोमध जवळजवळ शून्य आणि कडेला सर्वांत जास्त. नऊ इंची तबकडी मिनिटाला १४४० फेरे घेत असेल, तर कडेला कागद सेकंदाला साधारण १७ मीटर धावतो, आणि मध्यापासून दोन इंचांवर जेमतेम साडेसात. तुमच्या सुरीचं टोक पातळ, त्यात लोखंड कमी. आलेली उष्णता पसरायला जागाच नाही. तेच टोक तुम्ही कडेला धरलंत, जिथे कागद सर्वांत जोरात धावतो. पाठीचा जाड भाग कडेला घासा, टोक आणि धारेजवळचा भाग आत, मध्याकडे घ्या. पाण्याचं टोपलं मशीनला लागूनच असू द्या. मी एक घासा झाला की पातं बुडवतो आणि पात्यावरचा पाण्याचा थेंब उडायला लागायच्या आत पुन्हा बुडवतो. हातमोजे घालू नका. ते फिरत्या तबकडीत ओढले जातात हे एक कारण. दुसरं असं, की उघड्या बोटांना चटका बसतो तेव्हा पोलाद अजून शाबूत असतं. बोटाला सोसवत नाही त्या उष्णतेच्या कितीतरी पुढे गव्हाळ रंग असतो. बोटाचं ऐकलंत तर पातं जळण्याची भीती बरीच कमी.

आणि कागद बदला. झिजलेला कागद कापत नाही, नुसता चोळतो, आणि चोळण्यातून उष्णताच येते. पॉलिश पेपरचा ताव ९ इंच बाय ११ इंचांचा असतो, म्हणून तर तबकडी नऊ इंची. एका तावात एक चकती. ८० नंबरने उतार, १२०ने सारखं करणं, २२०ने आधीचे ओरखडे काढणं. पाणी दिल्यानंतर मी ८० नंबर लावतच नाही. जाड काम सगळं पाणी देण्याआधी उरकतो आणि धारेला अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी ठेवतो. त्याहून पातळ धार भट्टीत आणि तेलात वाकडी होते.

हाताशी असलेल्या सुऱ्यांचं काय? टोकाकडचा एखादा मिलिमीटरच जळला असेल तर तेवढा पाण्याच्या दगडावर हाताने उतरवून टाका, खाली चांगलं पोलाद लागेल. जास्त जळली असेल तर पुन्हा पाणी द्यावं लागेल. सुरी लाल करा, चुंबक चिकटायचं थांबलं की किंचित पुढे न्या आणि कोमट तेलात सरळ खाली सोडा. इतकी पातळ कानस पाण्यात टाकली तर तडा जाण्याची भीती. मग एक बाजू चकचकीत करा, लोखंडाचा जाड ठोकळा तापवून त्यावर सुरीची पाठ टेकवा आणि रंग पाठीकडून धारेकडे चालत येताना बघत राहा. धारेवर गव्हाळ आला रे आला की तेलात. घाई नको आणि दुसरीकडे बघणं नको, हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तुमच्या कामाला एकाच बाजूने उतार दिलेली सुरी लागते. दुसरी बाजू अगदी सपाट, म्हणजे सालीखाली सरळ सरकते आणि डोळ्याला लाकूड कमी येतं. ती सपाट बाजू डिस्कवर जशी होते तशी दुसऱ्या कशावर होत नाही. खात्री करायची तर जाड काचेच्या तुकड्यावर सुरी ठेवा आणि मागून उजेड पाडा. खालून उजेडाची रेघ दिसली तर अजून काम बाकी.

प्रश्न : दादा, आमच्या गावात मशीनवर धार लावून देणारा येतो. पावशीला (विळीला) धार लावली की दोन दिवस छान चालते, मग कांदाही दबतो. वर्षभरात पातं बोटभर झिजलं. आमच्या बचत गटात सगळ्यांची हीच तक्रार आहे.
— एक गृहिणी, चिखली तालुका

ताई, वरचं उत्तर तुमच्यासाठीही आहे. मशीन जोरात फिरते, पाणी नसतं आणि धारेची कड निळी होते. मऊ झालेली कड दोन दिवसांत वळते, तो पुन्हा घासतो, पुन्हा निळी. त्याच्यावर रागावू नका, त्याला दिवसभरात पन्नास घरं करायची असतात. पण शेजारी उभ्या राहा आणि कड निळी दिसली की थांबवा.

खरं तर पावशीला मशीन वर्षातून एकदाही लागत नाही. कुरुंदाचा दगड आणा, पाणी घाला, पातं वळतं तसा हात वळवत पाठीकडून धारेकडे दहा-बारा वेळा फिरवा. आठवड्यातून एकदा, भाजी चिरायला बसण्याआधी. गटाने मिळून एक चांगला दोन बाजूंचा दगड घेतला, एक बाजू भरड आणि एक बारीक, तर साऱ्या गल्लीला पुरेल.

प्रश्न : शेतातल्या विहिरीवरची जुनी थ्री फेज मोटर पडून आहे. ती डिस्कला चालेल का? घरी सिंगल फेज आहे.
— शेतकरी, मूर्तिजापूर

नाही चालणार. पंपाच्या बहुतेक मोटरी २८८० फेऱ्यांच्या असतात. नऊ इंची तबकडीच्या कडेला सेकंदाला ३४ मीटर वेग येईल, आणि पातं जाळायला याहून चांगलं साधन नाही. शेतीच्या जोडणीवर दुकानाची मशीन चालवणं नियमातही बसत नाही. सिंगल फेजवर चालणारी १ हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची, पूर्ण बंद आवरणाची मोटर घ्या, म्हणजे पोलादाची भुकटी आत जाणार नाही. पैसे जमले की थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी) घ्या. ती सिंगल फेज घेऊन २२० व्होल्टची थ्री फेज देते, मात्र मोटर त्या व्होल्टेजला डेल्टात जोडता येणारी हवी. वायरमनला पाटी वाचायला लावा. ५० हर्ट्झचे २५ केले की फेरे निम्मे होतात. टोक आणि मुठीचं लाकूड मी तसंच घासतो. अर्थिंग नसेल तर मशीन बसवूच नका. तबकडी १२ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची, लेथवर मोटरच्या शाफ्टला बसवूनच तोंड खरडून घ्या, नाहीतर ती डुलते आणि डुलणाऱ्या तबकडीवर सपाटी येत नाही.

प्रश्न : भंगारात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे मिळतात आणि बांधकामाची सळईही. चाकूला काय बरं?
— फॅब्रिकेशनवाला, साकोली

पाटा. सळईत कार्बन ०.३० टक्क्यांच्या आत असतो, तिला पाणी चढत नाही म्हणा. पाट्यात साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे असतो, त्यामुळे तो तेलात कडक होतो. शंका असली तर ग्राइंडरला लावून ठिणगी बघा : साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, मोजक्या फाट्यांच्या, कार्बनवाल्या पोलादाच्या फुटून फुलबाजीसारख्या पसरतात. पाटा जुना असेल तर त्यात न दिसणारी चीर असू शकते, ठोकताना लक्ष ठेवा. आणि भट्टीतून निघालेलं काळं कवच तसंच डिस्कवर नेऊ नका, ते कागद खाऊन टाकतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये पट्टी बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने सुटतं.

प्रश्न : डिस्क मशीन गोठ्याच्या पडवीत बसवली तर चालेल का? दुसरीकडे जागा नाही.
— एक वाचक, आर्णी

हे पत्र वाचून मला झोप लागली नाही, म्हणून आधी स्पष्टच सांगतो : नका बसवू. तुमच्याच पत्रात आहे की पडवीत सोयाबीनचं कुटार भरलेलं असतं आणि बाहेर पऱ्हाटीचा ढीग. पोलादाची ठिणगी कुटारात पडली की ती लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. तुम्ही मशीन बंद करून जेवायला बसता आणि तासाभराने गोठा पेटतो. गुरं दाव्याला बांधलेली असतात. आमच्या शेजारच्या गावात वेल्डिंगच्या ठिणगीने असंच झालं. बैल वाचले, पण चाऱ्याचा एक पेंढाही उरला नाही.

उघड्यावर, मातीच्या जमिनीवर, चार पत्रे टाकून जागा करा. ठिणग्या जिथे पडतात तिथे पाण्याची बादली ठेवा, भुकटी तिच्यात पडू द्या. लाकूड आणि पोलाद एकाच दिवशी घासत असाल तर मध्ये भुसा पूर्ण झाडून काढा. पोलादाची ठिणगी लाकडाच्या बारीक भुशात गेली की तेच घडतं. अ‍ॅल्युमिनियमची भुकटीही पोलादाच्या ठिणग्यांजवळ साचू देऊ नका. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवा. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

आणि गळ्यातला दुपट्टा. आपल्याकडे उन्हाचा तो अंगावर असतोच, घाम पुसायलाही तोच. मशीनसमोर उभं राहण्याआधी तो काढून खुंटीला लावा. माझ्या दुकानात दारातच खिळा ठोकला आहे. दुपट्टा त्यावर लटकलेला दिसल्याशिवाय मी पोरांना स्विचला हात लावू देत नाही. काम तबकडीचा जो अर्धा भाग खाली जातो त्याच बाजूला करायचं. वर येणाऱ्या बाजूला पातं धरलं तर ते उडून तोंडावर येतं. धार आलेलं पातं असेल तर कागद धारेवरून निघून जाईल असं धरा, धारेवर चालून येईल असं नाही.

प्रश्न : फूटभर लांबीचा खंजीर करून द्याल का? पैसे म्हणाल तेवढे.
— नाव नाही, फक्त पिनकोड

नाही. शस्त्र कायदा १९५९चा आहे आणि त्याखालचे नियम २०१६चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं त्यात येतात. घरकामाची, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. मी वगळलेलीच करतो.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. आमचंही लोहाराचं दुकान आहे. मी डिस्क मशीन घेऊ म्हणतो, बाबा म्हणतात आधी कानस शीक. बाबांना नवीन काही नको असतं.
— एक मुलगा, घाटंजी

पोरा, तुझे बाबा नव्याला नाही म्हणत नाहीत, ते क्रम सांगत आहेत. मशीन मिनिटाला १४४० वेळा फिरते. तुझा हात चुकला तर ती चूक ती तितक्याच वेगाने पुढे नेते. कानस चुकली तर एका घाशात एक केसभर चुकते, आणि तुला थांबून बघायला वेळ मिळतो. पातं हातात कसं धरलं की ते डुलत नाही, मनगट कुठे वळलं की कड गोल होते, हे कानस तुझ्या हाताला शिकवेल. डिस्कसमोर उभा राहशील तेव्हा हाताला ते आधीच ठाऊक असेल.

असं कर. बाबांकडून पाट्याची एक पट्टी ठोकून घे, सहा इंचांची. कानशीने दोन्ही बाजूंचा उतार काढ, मार्कर लावून, काचेवर बघून. तीन पाती झाली की बाबांना घेऊन मशीन बघायला जा, कारण मोटर आणि तबकडी निवडताना त्यांची नजर लागेल. मशीन आली तरी पहिलं काम पात्याचं नको, मुठीच्या लाकडाचं कर. बाभळीच्या किंवा धावड्याच्या दोन फळ्या घे, आतल्या बाजू डिस्कवर सपाट कर, एकमेकींवर ठेव आणि उन्हाकडे धर. मधून उजेड आला नाही तर अ‍ॅराल्डाइट लावून पितळी सळईने ठोक, ती मूठ वर्षानुवर्षं हलणार नाही.

मृग लागेपर्यंत आमच्याकडे पासांची गर्दी असते, तेव्हा बोलायलाही फुरसत नसते. तुझी तीन पाती पोळ्यापर्यंत झाली तर त्यांचे फोटो काढून संपादकांकडे पाठव. तिरप्या उजेडात काढ, म्हणजे खळगे दिसतील, आणि कुठे हात जड पडला ते मी सांगेन.